यादीतलं पहिलं नाव

आमच्या पक्षात भांडणं तत्त्वांवरून होतात असं आम्ही बाहेर सांगतो. खरं म्हणजे ती यादीवरून होतात. जर्मनीत राज्याच्या विधानसभेची निवडणूक असली की प्रत्येक पक्ष उमेदवारांची एक यादी करतो. लोक पक्षाला मत देतात आणि जेवढी मतं पडतील त्या हिशेबाने यादीतली माणसं वरून खाली आत जातात. ज्याचं नाव वर, त्याची खुर्ची पक्की. ज्याचं खाली, त्याने प्रचार करायचा, पत्रकं वाटायची आणि निकालाच्या दिवशी वरच्यांना फुलं द्यायची. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा नववी होते आणि फुलं दिली. दुसऱ्या खेपेला चौथी होते आणि आत गेले. त्यानंतर तीन मुदती मी त्या सभागृहात डाव्यांच्या बाकावर बसून रुग्णालयं, झाडूवाल्या बायका आणि घरभाडी यांवर इतकं बोलले की सभापतींना माझी वाक्यं पाठ झाली होती. पुढे पक्षच पाच टक्के मतांच्या, म्हणजे सभागृहात शिरायला लागणाऱ्या, पायरीखाली घसरला आणि आम्ही सगळे एकदम घरी आलो. एवढ्या वर्षांत पहिल्या नावासाठी झालेली भांडणं, रुसवेफुगवे, रडारड मी पोटभर पाहिली, आणि दर वेळी मला हसू यायचं. कारण मी ज्या घरात वाढले तिथे यादीत पहिलं नाव म्हणजे संकट होतं. ते आपलं नसावं म्हणून चांगली धट्टीकट्टी माणसं दाराआड लपायची.

हे मी शराफियातल्या एका हॉटेलात बसून लिहिते आहे. जेद्दा शहराचा हा आपल्या लोकांचा मोहल्ला, आणि मी इथल्याच पाण्यावर वाढले. अम्माला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, घेऊन आले आहे. पक्षातल्या मित्रांना 'आईला फिरायला नेते' एवढंच सांगितलं. डाव्या बाईने मक्केला जाणं आणि वर सौदीत जाणं, यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या असत्या. तरी फोन आलाच. आमचा सेक्रेटरी क्लाउस म्हणाला, "सुरैया, या खेपेला वर बसायला कुणी तयार नाही. पक्ष बुडणार असं सगळ्यांना वाटतं, आणि बुडाला की पहिल्या नावाचं खापर फुटतं. तू येतेस का? रविवारपर्यंत सांग." मी साठीला आले आहे, गुडघे कुरकुरतात, बाल्कनीत टोमॅटो लावले आहेत. 'बघते' म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की पहिलं नाव कुणाचं म्हटल्यावर पडणारी ही शांतता मी अगोदर एकदा ऐकलेली आहे, इथून दोन गल्ल्या पलीकडे, आमच्या घरात.

आमचं घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर इस्त्रीची वाफ फुसफुसायची आणि आमच्या जिन्यात कायम ओल्या सुताचा वास असायचा. तीन मशिदींच्या अजानी एकामागून एक यायच्या, त्यासरशी गल्लीतली शटरं धडाधड खाली पडायची आणि नमाज झाली की तितक्याच आवाजात वर जायची. अब्बा एअरकंडिशनर बसवणाऱ्या कंपनीत फोरमन होते. फोरमन म्हणून त्यांना बायकोमुलीला आणण्याची परवानगी होती, म्हणून मी आणि अम्मा तिथे. कंपनीतले बाकीचे आपले लोक शहराबाहेर कॅम्पात राहायचे, एका खोलीत आठ आठ. अब्बा बोलायला कमी. त्यांच्या खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा, आणि काही न सुचलं की ते तो काढून घरातल्या खिडकीच्या एसीचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळायचे. अम्मा रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. तिचा आवाज होडीवरून काठावर हाक मारायला घडवलेला, आणि दोन खोल्यांत तो मावायचा नाही.

आमच्या घरचा शुक्रवार मी अजून विसरलेले नाही. कॅम्पात पाणी टँकरने यायचं, ते खारट. अंगावर सुकलं की पांढरे डाग पडायचे आणि खाज सुटायची. म्हणून शुक्रवारी सकाळी गावचे आणि आसपासचे अकरा जण बसने आमच्याकडे यायचे, ते आंघोळीला. प्रत्येकाच्या काखोटीला टॉवेल आणि प्लास्टिकच्या पिशवीत धुतलेला जोड. सगळ्यांत मोठे शमशूचाचा, पत्र्याचं डक्ट बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळ्यांत धाकटे पवारकाका, वायरमन, साताऱ्याकडचे. त्यांना नमाजाला जायचं नसायचं, पण आंघोळीला ते सगळ्यांत आतुर. गंमत अशी की आत आधी जायला कुणी तयार नसायचं. 'तुमी जावा', 'नाय तुमी जावा' यातच अर्धा तास जायचा, कारण आधी जाणाऱ्याने जास्त पाणी वापरलं असं कुणी म्हणायला नको. शेवटी अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून नावं पुकारायची. बापाच्या नावासकट, पवारकाकांचं आडनावासकट, शाळेतल्या हजेरीसारखी. "शमसुद्दीन अली! विनायक पवार!" नाव आलं की निमूट उठायचं. हा रिवाज कुणी घातला कुणास ठाऊक, पण अम्माने पुकारलेला क्रम कधी कुणी मोडला नाही.

सगळ्यांत शेवटी अब्बांची पाळी. त्यांचं नाव मात्र ती पुकारायची नाही. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की माझ्या शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिने मास्तरणीपुढे मला कोपराने ढोसलं होतं. शुक्रवारी अब्बांसाठी ती पितळी तांब्या बादलीवर दोनदा वाजवायची. टण् टण्. लगेच शमशूचाचा म्हणायचे, "चला हसनभाई, तुमचं नाव वाजलं." रोजचीच थट्टा, आणि दर शुक्रवारी सगळे नव्याने हसायचे. तोवर जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाची वेळ व्हायची. ते मशिदीतून परत आले की मोठ्या ताटांभोवती बसायचे आणि अम्मा आखणी वाढायची. मटणाच्या रश्श्यात शिजलेला तो भात, वरून तळलेला कांदा, बाजूला कोकमाचं सार. कोकम गावाहून येणाऱ्याच्या ट्रंकेतून आलेलं असायचं आणि ते संपत आलं की अम्मा चिडचिडी व्हायची. पवारकाका हाडं चोखताना डोळे मिटायचे. मी त्यांची नक्कल करायचे आणि मार खायचे.

त्या उन्हाळ्यात कॅम्पातले एसी एकेक करून बंद पडले. शहरभर एसी बसवत फिरणाऱ्या कंपनीच्या कॅम्पात एसी बंद, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. आपले लोक स्वतः दुरुस्त करायला तयार होते, पण कॉम्प्रेसर नवे लागत होते आणि ते स्टोअरमधून मिळत नव्हते. तोंडी सांगून झालं, सुपरवायझर 'बुकरा' म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि तो उद्या कधी उजाडायचा नाही. माणसं चादरी भिजवून गच्चीवर झोपायची. शमशूचाचांच्या पाठीवर खाजेचे चट्टे उठले होते. एका दुपारी कामावर पवारकाकांना भोवळ आली आणि ते शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. पुढच्या शुक्रवारी ते गळ्यात हात बांधून आले, आणि त्यांना आंघोळ घालायला शमशूचाचांना बरोबर आत जावं लागलं. त्या दिवशी बाहेर कुणी हसलं नाही.

जेवणं झाल्यावर अर्ज करायचं ठरलं. थेट मोठ्या ऑफिसात, लेखी, सगळ्यांच्या सह्यांनी. ठरवायला पाच मिनिटं लागली. मग कुणीतरी विचारलं, पहिली सही कुणाची? आणि खोलीत खाली चाललेल्या इस्त्रीची वाफ ऐकू यायला लागली. पहिलं नाव म्हणजे लीडर. लीडर म्हणजे खुरूज. पासपोर्टवर कायमचा परतीचा शिक्का मारायचा आणि माणूस घरी पाठवायचा, याला तिथे खुरूज म्हणतात. बोलता बोलता माणूस दिसेनासा व्हायचा. शमशूचाचांना तीन मुली लग्नाच्या होत्या. कुणाचं घर अर्धं बांधून झालं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न मी पुढे जर्मनीत शेकडो वेळा पाहिला, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अब्बांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि एसीकडे वळले.

तेवढ्यात अम्मा आतून दुधाच्या पातेल्याचं झाकण घेऊन आली आणि तिने ते माझ्यापुढे ठेवलं. "ह्याच्या कडेनं रेघ मार," ती म्हणाली. "सगल्यांनी गोल सह्या करा. गोलाला पयला नाय नि शेवटला पण नाय." शमशूचाचा तिच्याकडे बघतच राहिले. "भाभी, तू वकील व्हायला पायजे होतीस." अम्मा म्हणाली, "वकील कशाला? भाकरीला कंदी पयली बाजू असते?" आणि ती भांडी घासायला गेली.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी फक्त मला येत होतं. मी नववीत होते, भारतीय शाळेत, आणि अर्जलेखनात मला पैकीच्या पैकी मिळायचे. मी कधी नव्हे इतकी फुशारले. शाळेच्या वहीतला दुहेरी कागद काढला. डावीकडे आधी लाल आणि मग निळी, अशा दोन रेघा मारल्या, आमच्या बाईंना तसाच समास लागायचा. विषयाखाली पट्टी धरून रेघ ओढली. 'नम्र विनंती' आणि 'आपले आज्ञाधारक' घालून एसी आणि पाण्याबद्दल सगळं लिहिलं. खाली झाकणाचा गोल काढला आणि त्याच्या भोवती तेवीस सह्या झाल्या, अकरा आमच्याकडच्या आणि बाकीच्या कॅम्पातून करून आणलेल्या. तांदळाच्या भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे उठतात तशा त्या दिसत होत्या. पवारकाकांनी डाव्या हाताने सही केली. ती त्यांची आहे असं त्यांना स्वतःलाही पटेना.

अब्बांची सही त्यात नव्हती. "मी कॅम्पात राहत नाय, मी कशी करू?" असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण अम्माने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या दिवशी चहात साखर विसरली. मी अब्बांच्या बाजूची होते हे मला आज कबूल केलं पाहिजे. मला शाळा हवी होती, माझी मैत्रीण हवी होती, संध्याकाळी समुद्रावर मिळणारी भाजलेली कणसं हवी होती. ज्यांना बायकामुलं इथे नाहीत त्यांनी धाडस करावं, असं मला वाटलं होतं.

आता इथे थोडं थांबून जर्मनीचं सांगते, नाहीतर पुढच्या गोष्टीला अर्थ राहणार नाही. मी मुंबईला नर्सिंग शिकले आणि नोकरीसाठी एका नदीकाठच्या छोट्या जर्मन गावातल्या रुग्णालयात गेले. तिथे झाडूपोछा करणाऱ्या बायकांना एक दिवस कंत्राटदाराकडे सोपवून दिलं. काम तेच, वॉर्ड तेच, पगार आणि सुट्ट्या कमी. नर्सेसनी त्यांच्या बाजूने निवेदन करायचं ठरवलं तेव्हा मी मोठ्या हुशारीने एक ताटली आणली आणि गोल काढून दाखवला. माझ्याबरोबर उटे नावाची एक थोराड नर्स होती, कामगार संघटनेत मुरलेली. ती इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणाली, "सुरैया, इथे कायदा आपल्या बाजूला आहे. इथे लपायचं नसतं. वरून सही कर." तिने कागद माझ्यापुढे सरकवला, कोरा, आणि मला पहिली जागा दिली. मी पेनचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. तिला वाटलं मी नवी आहे, भाषेची भीती आहे. मी सही केली. त्या एका सहीनंतर मी रुग्णालयाच्या कामगार मंडळावर निवडून गेले, मग संघटनेत, मग नागरिकत्व मिळाल्यावर पक्षात, आणि शेवटी त्या सभागृहात. पत्रकार विचारतात, तुमचं राजकारण कुठे सुरू झालं? मी रुग्णालयाचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

अर्ज दिल्याला दोन आठवडे झाले आणि एका शुक्रवारी सिद्दीकीसाहेब आमच्याकडे आले. ते कंपनीच्या ऑफिसात माणसांच्या नेमणुका आणि इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, बघायचे. आपल्याकडचेच, उत्तरेकडचे, अदबीने बोलणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. आंघोळीची रांग अर्ध्यावर होती. त्यांना बघताच सगळे टॉवेल घेऊन आतल्या खोलीत शिरले. शुक्रवारचे अकरा जण घरचेच, पण परक्या पुरुषासमोर अम्मा यायची नाही, ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे गेली, आणि तिच्याबरोबर मी. अब्बांनी सिद्दीकीसाहेबांना आखणी वाढली. त्यांनी दोनदा घेतली. हात धुतले. मग प्लास्टिकच्या फाइलीतून आमचा अर्ज काढला.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, पण ते बराच वेळ लपवत होते. उन्हाळा, माणसांचे हाल, आपणच आपल्या लोकांना सांभाळलं पाहिजे, असं सगळं झालं. मग म्हणाले, "हसनभाई, मेरी बेटी भी उसी स्कूल में पढ़ती है. ये लाल-नीली लकीरें मैं रोज़ उसकी कॉपी में देखता हूँ. कंपनी में मेरे और आपके सिवा किसका बच्चा वहाँ जाता है?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेवीस माणसांनी पहिलं नाव इतक्या शिताफीने लपवलं आणि मी दोन रेघांनी माझ्या बापाला उघडं पाडलं.

सिद्दीकीसाहेब पुढे म्हणाले की ऑफिसात कुणाला कळलेलं नाही आणि ते सांगणारही नाहीत. एसी मिळतील, पाणीही बदलेल, मोठ्या साहेबांनी मान्य केलंय. पण कफीलसमोर, म्हणजे मालकासमोर, असा गोल कागद ठेवता येत नाही. "उन्हें एक नाम चाहिए. सबसे ऊपर. एक आदमी जाएगा, बाक़ी सब रहेंगे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वो पवार है न, उसका हाथ तो वैसे भी टूटा हुआ है. छह महीने किसी काम का नहीं. उसका नाम ऊपर लिख दीजिए, क़िस्सा ख़त्म."

आतल्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. पवारकाका बाहेर आले. अर्धी आंघोळ झालेली, केसांतून पाणी गळत होतं, गळ्यातली झोळी भिजलेली. ते अब्बांना म्हणाले, "भाऊ, लिवा माजं. मी तसाबी जाणारच की आता. तुमी पोरीची शाळा मोडू नगा." ते हसायचा प्रयत्न करत होते. अब्बांचा हात खिशाकडे गेला. स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढला आणि नुसता हातात धरला. आवळण्यासारखा एकही स्क्रू त्यांना सापडत नव्हता. मला आठवतं, त्या क्षणी मला वाटलं, लिहा अब्बा, पवारकाका स्वतःच म्हणतायत ना, लिहा. हे वाटल्याची लाज मला अजून आहे. सभागृहात कुणी 'एकाचं नुकसान झालं पण बहुतेकांचं भलं झालं' असं बोलायला लागला की मी उठून उभी राहायचे, ती त्या लाजेने.

पडद्यामागे अम्मा माझ्या शेजारी उभी होती. तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि माझा हात धरला, इतका की बांगडी रुतली. सिद्दीकीसाहेब पेन पुढे करत होते. "तो बोलिए, किसका नाम?"

आणि अम्माने पुकारलं. शुक्रवारचाच आवाज, तसाच खणखणीत, बापाच्या नावासकट.

"हसन उस्मान!"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, मी नाही, गावातल्या कुणीही नाही. आतल्या खोलीत काहीतरी पडलं, कुणाच्या तरी हातातला मग. दाराच्या फटीत शमशूचाचा थट्टा करायला तोंड उघडून तसेच राहिले. अब्बांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. आंघोळीला नाव आलं की माणसं जशी निमूट उठायची, तसे ते उठले. सिद्दीकीसाहेबांच्या हातातलं पेन घेतलं आणि गोलाच्या वर, लाल आणि निळ्या रेघेच्या पलीकडे, माझ्या 'नम्र विनंती'च्या डोक्यावर आपलं नाव लिहिलं. सही केली. मग पवारकाकांना म्हणाले, "जा, अंग पूस. सर्दी व्हईल."

"हसनभाई, सोच लीजिए," सिद्दीकीसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. अब्बा म्हणाले, "जिसको सोचना था, उसने सोच लिया." पडद्यामागून अम्माने माझ्या हातात एक डबा दिला, आखणीने भरलेला. "त्यांच्या घरवालीसाठी," म्हणाली. मी बाहेर नेऊन दिला. त्यांनी डबा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. अम्मा पडदा सारून उंबऱ्यात आली. "विनायक पवार! अर्धी ऱ्हायलीय तुमची."

दीड महिन्यात आमचं खुरूज लागलं. निघायच्या चार दिवस आधी कॅम्पात नवे एसी आले आणि ते बसवायला अब्बाच गेले, कारण फोरमन तेच होते. घरी येऊन म्हणाले, सगळे लेव्हलला बसलेत. शाळेच्या शेवटच्या दिवशी सिद्दीकीसाहेबांच्या मुलीने मला अम्माचा डबा परत दिला. आमच्यासारखंच त्यांच्याकडेही भांडं रिकामं परत करत नसावेत, आत खजूर होते. मी तिच्याशी बोलले नाही. आज वाईट वाटतं, तिचा काही दोष नव्हता. गावी गेल्यावर माझं वर्ष फुकट गेलं. अब्बांनी बाजारात फ्रीजदुरुस्तीचं दुकान घातलं आणि ते कधी फारसं चाललं नाही. पवारकाकांचा हात बरा झाला, ते तिथे आणखी नऊ वर्षं राहिले, आणि दर ईदला त्यांचं पत्र यायचं. अम्माने अब्बांचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. गावातल्या घरात न्हाणीच्या दाराशी तांब्या वाजायचा. अब्बा गेले त्या दिवशीही तिने 'सुरैयाचे अब्बा' म्हणूनच हंबरडा फोडला.

काल आम्ही दोघी ती गल्ली बघून आलो. लाँड्रीच्या जागी मोबाइलची दुकानं आहेत. वर कुणीतरी राहतं, खिडकीत मुलांचे कपडे वाळत होते. अम्माने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "एसी तिरका बसवलाय." आमचे स्वतःचे उमरे झाले आहेत. आज तिला अब्बांच्या नावाचा करायचा आहे.

सकाळी ती आंघोळ करून पलंगावर बसली. पांढरी ओढणी, पाय जमिनीला टेकत नाहीत. ऐंशी ओलांडली तरी आवाज तसाच आहे. उमरा कुणासाठी हा संकल्प, म्हणजे नियत, आधी करायची असते. मला म्हणाली, "नियत करायची तर नाव घ्यावं लागल काय गो?" मी म्हटलं, "मनात घेतलं तरी चालतं. काल विचारलं मी." "मनात तर मी रोजच घेतंय," म्हणाली. मग समोरच्या भिंतीकडे बघत, खोलीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात तिने ते घेतलं. "हसन उस्मान." मला रडू आलं. ती मात्र कोरडी होती.

"तुझ्या त्या माणसाला कलवलंस काय?" तिने विचारलं. क्लाउसचं सगळं मी तिला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "हरणार गं आम्ही. उगाच खापर फुटेल माझ्यावर." अम्मा म्हणाली, "फुटू दे. खापर फुटलं म्हणून कोण मेलाय? कर फोन, मना ऐकायचाय." मी फोन लावला आणि तिच्यासाठी स्पीकर चालू केला. क्लाउसला म्हटलं, लिही, मी येते. मग तिकडे कागद सरकल्याचा आवाज आला आणि तो हळूहळू, लिहिता लिहिता वाचू लागला. तिकडच्या रीतीने यादीत आडनाव आधी येतं, आणि माझ्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी बापाचं नाव आहे.

"एक," तो जर्मनमध्ये म्हणाला. "हसन, सुरैया."

अम्माला त्या भाषेतलं अक्षर कळत नाही. ती पलंगावर ताठ झाली. "कोणाचा नाव घेतलान त्यानं?"

"पहिलं नाव वाचलं, अम्मा. आपल्या यादीतलं."

तिने ओढणी नीट केली, माझा हात धरला आणि पलंगावरून खाली उतरली. "मग चल," म्हणाली, "टॅक्सीवाला खाली थांबलाय."